हजेरीतला शेवटचा आवाज

जिन्याच्या वळणावर तो थेट तिच्या घरावर आदळला. घर पुठ्ठ्याचं होतं, रोमन, अंगण आणि खांबांसकट. शाळेत जिला सगळे लॅटिनबाई म्हणत, तिने अख्खी सुट्टी खपून ते वर्गासाठी बनवलं होतं. एक खांब मोडून पायऱ्यांवरून घरंगळत गेला. आदळणारा होता जीवशास्त्राचा नवा शिक्षक, मुलांचा बेडूकसर. त्याने खांब उचलून दिला आणि वर म्हणाला, "आता कसं, खरं रोमन वाटतंय."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी मोडतोड, वर विनोद! आणि हसताना गालावर खळी पाडायची काय गरज होती?

त्याची प्रयोगशाळा नेमकी तिच्या वर्गाला लागून, मधे नुसतं प्लायवुड. तिच्याकडे हजेरी लॅटिनमध्ये चाले. नाव पुकारलं की मुलं 'आदसुम' म्हणत, म्हणजे 'मी हजर आहे'. एक दिवस शेवटच्या मुलानंतर पलीकडून भारदस्त 'आदसुम' आला. वर्ग खिदळला. मग तो आवाज रोजच यायला लागला...

इथे तिचा जीव टांगणीला लागलेला. मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, की पुढच्या वर्षी मुलं मिळाली नाहीत तर लॅटिन बंद आणि खोली प्रयोगशाळेला. म्हणजे ह्याच गृहस्थाला! ती तणतणत त्याच्याकडे गेली.

"माझा विषय बुडाला की खोली तुमची. म्हणून ही थट्टा चाललीय ना?"

तो प्लॅस्टरने माखलेले हात पुसत उभा राहिला. "खोली नको म्हणून मी केव्हाच सांगून आलोय. ती मिळाली तर हे प्लायवुड काढतील. मग... मला ऐकू काय येणार?"

तिची नजर प्लायवुडकडे गेली.

"माझी मुलं विचारतात, हाडांची लॅटिन नावं अशी विचित्र का," तो म्हणाला. "मी सांगतो, शेजारी विचारा." आणि त्याने टेबलावरचा प्लॅस्टरचा खांब पुढे केला, मोडलेल्याच्याच मापाचा.

"उद्यापासून हजेरीत तोंड उघडायचं नाही," खांब हिसकावून घेत ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हजेरी संपली. पलीकडून काहीच आलं नाही. सांगितलेलं इतकं ऐकायचं असतं का? ती भयंकर चिडली. हा माणूस आपल्याला आवडायला लागलाय हे तिला कळलं, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

"बेडूकसर!" तिने वहीत न बघताच पुकारलं.

दार उघडलं. ॲप्रन घातलेला तो, आणि त्याच्यामागे लॅटिन शिकायला निघालेली त्याची सगळी मुलं, प्रयोगशाळेतली स्टुलं उचलून. मुख्याध्यापिकांना ही खोली आता काही रिकामी मिळत नव्हती.

"आदसुम," तो हळूच म्हणाला.

"उशीर झालाय. रोज वेळेवर यायचं."

"रोज म्हणजे... कधीपर्यंत?"

मुलांना चेहरा दिसू नये म्हणून ती फळ्याकडे वळली.

"मी पुरे म्हणेपर्यंत," ती म्हणाली. "आणि मी म्हणणार नाहीये."