पाकळी पडेना

बस गो मालन, वात जरा पुढे कर. तुझी थोरली काकी मथुरा कशाने गेली, ते तुला कुणी धड सांगितलं नसेल. मी तिची धाकटी जाऊ, मी सांगते.

मिठाच्या सत्याग्रहानंतरचं वर्ष. विहिरीवर आंघोळ करताना तिच्या डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. "दुखत नाय गो, मंग कशाला दाखवायची?" म्हणाली. मीच हट्टाने रत्नागिरीच्या इस्पितळात नेली. डॉक्टरीणबाईंनी छाती चाचपली, काख चाचपली.

"दुखत नाही म्हणूनच बायका फसतात. कॅन्सर आहे हा. गाठ अजून हलतेय, काखेत उतरलेली नाही. आत्ताच छाती काढली तर वाचायची आशा आहे. दिवस घालवू नका."

मथुराबाई तयार होती गो! पण आमचे मामंजी, आप्पा, अडून बसले. "देवीला विचारल्याबिगर घरच्या बाईला सुरी लावायची नाय." तिचे यजमान, मोठे भावोजी, बोटीवर, दूर समुद्रात. मामंजींचा शब्द मोडणार कोण?

संध्याकाळी देवळात गेलो. काशीराम गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर कापायचं, डावी पडली तर नाही. हात जोडून बसलो. अंधारलं, समईवर काजळी धरली, तरी एकही पाकळी हलली नाही.

"देवी बोलत नाय. पुढच्या मंगळवारी बगू," काशीराम खालमानेने म्हणाला.

मंगळवार आले नि गेले. पाकळ्या सुकून काळ्या व्हायच्या, पण पडायच्या नाहीत. इकडे गाठ लिंबाएवढी झाली, वरची कातडी आत ओढली गेली, काखेतही गोळे लागू लागले. "मामंजी, पाया पडते, जाऊ द्या तिला," मी रडले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी. पण कौलाशिवाय त्यांचं पाऊल उचलेना.

शेवटच्या खेपेला गाभाऱ्यातून वास आला. फुलांचा नाही, तेलाचा नाही... इस्पितळातल्या औषधाचा. मथुराबाईने माझा हात आवळला.

"गो... आत कोन कण्हतंय?"

मलाही ऐकू येत होतं... "कुणी नाही," मी म्हटलं.

ते कण्हणं मामंजींनीही ऐकलं, मग मात्र तेच घाबरले. दुसऱ्याच दिवशी बैलगाडी जुंपली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, पदर सारखा केला. "आता कापून उपयोग नाही. कळा कमी व्हायचं औषध देते." शिमग्याआधी ती गेली.

सुतक फिटल्यावर मी देवीशी भांडायला गेले. काशीराम तिला स्नान घालत होता, लुगडं उतरवलेलं. मला बघून तो बाजूला सरला.

देवीची डावी छाती नव्हती. सपाट पाषाण, आणि काखेपर्यंत गेलेली शिवण... टाक्यांसकट.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिला कौल लावला, त्याच्या दुसऱ्या सकाळपासून..." काशीराम कुजबुजला. "कुनाला सांगू, बाय? तवा ओली होती जखम. आता भरून आली."