सूचना तर फळ्यावर होती

विमलआत्या शाळेतून लवकर परतली, तेव्हा तिची सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली होती.

"काही झालं नाही," ती दारातूनच म्हणाली. "एक चप्पल गेली. बाकी मी पूर्ण आहे."

मनवाने तिला टॉवेल दिला आणि घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तरंगवाडी हे समुद्रावर तरंगणारं गाव. तिथून किनाऱ्यावर जायला चालकाशिवाय चालणाऱ्या होड्या होत्या. आत्याला डोळ्यांनी दिसत नसे, पण किनाऱ्यावरच्या शाळेत संगीत शिकवायला ती रोज एकटीच जायची. आज होडीने तिला नेहमीप्रमाणे उत्तर धक्क्यावर नेलं. धक्क्याच्या फळ्या दुरुस्तीसाठी काढलेल्या होत्या. आत्याने सवयीने पाय पुढे टाकला आणि तो पाण्यात गेला. कामगारांनी लगेच हात धरला म्हणून बरं.

"उद्यापासून तू एकटी जायचं नाहीस," बाबा म्हणाले. "मी सोडीन, मीच आणीन."

आत्याचं पाय पुसणं थांबलं. "दादा, मी काय दप्तर आहे?"

बाबांचा विचार बदललेला दिसत नव्हता.

मनवाला मात्र एक कोडं पडलं होतं. धक्का बंद असल्याची सूचना सकाळपासून गावफळ्यावर होती. गावफळा म्हणजे गावाचं संकेतस्थळ. तो प्रत्येक घराच्या भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचा. होड्या तोच वाचून मार्ग ठरवायच्या. आत्याच्या कानातलं यंत्र तोच तिला वाचून दाखवायचं. साऱ्या गावाला सूचना कळली. मग फक्त आत्याला आणि होडीलाच कशी कळली नाही?

ती आजोबांकडे गेली. गावफळ्याची आशयप्रणाली (संकेतस्थळावरचा मजकूर लिहायची, बदलायची आणि लोकांपुढे मांडायची व्यवस्था) त्यांनीच बांधली होती. आजोबांनी सकाळची सूचना उघडली. पडद्यावर 'उत्तर धक्का' लाल अक्षरांत होतं आणि 'दक्षिण धक्का' हिरव्या.

"स्पष्ट तर आहे," मनवा म्हणाली. "उत्तर बंद, दक्षिण चालू."

"आता डोळे मीट."

मनवाने डोळे मिटले. आजोबांनी आत्याचं यंत्र सुरू केलं. यंत्र शांतपणे म्हणालं, "उत्तर धक्का. दक्षिण धक्का." आणि गप्प झालं.

मनवाने डोळे उघडले. "'बंद' हा शब्द तर कुठेच नाही."

"नाही. होडीलाही तो सापडला नाही, म्हणून ती रोजच्या वाटेने गेली."

तेवढ्यात सुगंधाकाकू आल्या. गावफळा रोज त्याच लिहायच्या. "मी चुकीचं काय लिहिलं ते सांगा," त्या आल्या आल्या म्हणाल्या. "बंद असलेलं लाल, चालू असलेलं हिरवं. खरा लाकडी फळा होता तेव्हापासून असंच लिहिते. लांबून होडीत बसलेल्याला अक्षरं दिसत नव्हती, रंग दिसायचा."

"तुझं लिहिणं बरोबर होतं, सुगंधा," आजोबा म्हणाले. "फळा बदलला, आणि मी त्यावर तुला खडूसारखी रंगाची बटणं ठेवून दिली. आता वाचणारे सगळे डोळ्यांनी वाचत नाहीत."

मग त्यांनी संपादन-पडदा (लिहिणाऱ्याला दिसणारा, मजकूर भरण्याचा पडदा) नव्याने मांडायला घेतला. रंगांची बटणं काढली. त्यांच्या जागी चौकटी आल्या: विभाग, उपविभाग, प्रकार, महत्त्व, कालावधी आणि शेवटी 'इतर'. काकूंनी चष्मा पुसून सगळ्या चौकटी वाचल्या. नंतर 'इतर'मध्ये 'उत्तर धक्का, दक्षिण धक्का' लिहिलं आणि विचारलं, "यात लाल कुठून करायचं?"

मनवाला हसू आवरलं नाही. आजोबांनाही.

"हसा," काकू म्हणाल्या. "या चौकटी भरेपर्यंत ओहोटी लागेल."

मनवा काकूंच्या शेजारी जाऊन बसली. "काकू, लाल खडू उचलताना तुमच्या मनात आधी काय असायचं?"

"काय असणार? कुठला धक्का, आणि तो बंद आहे."

"मग पडद्याने तेवढंच विचारलं तर?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि बहुतेक चौकटी पुसून टाकल्या. नव्या पडद्यावर दोनच प्रश्न उरले: कुठली जागा? चालू की बंद? काकूंनी 'उत्तर धक्का' निवडला, मग 'बंद'. अक्षरं आपोआप लाल झाली. त्याच क्षणी यंत्र म्हणालं, "उत्तर धक्का बंद आहे."

"एकदाच सांगितलं, तरी डोळ्यांना आणि कानांना, दोघांनाही कळलं," मनवा म्हणाली.

"कारण आता आपण अर्थ नोंदवला," आजोबा म्हणाले. "'बंद' हा अर्थ. लाल हे त्याचं फक्त डोळ्यांसाठीचं रूप. अर्थ नोंदवलेला असला की त्यातून कानांसाठी वाक्य करता येतं, होडीसाठी आज्ञा करता येते. नुसतं रूपच नोंदवलं, तर ज्याला ते रूप दिसत नाही त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही."

"स्वरलिपीसारखं," आत्या आतून म्हणाली. ती बराच वेळ ऐकत होती. "कागदावर गंधार लिहिलेला असतो. पेटी तो आपल्या आवाजात वाजवते, बासरी आपल्या. कागदावर पेटीचा आवाज कोणी लिहीत नाही."

मनवाने आणखी एक गोष्ट मागून घेतली. 'प्रसिद्ध करा' या बटणाच्या वर पूर्वझलक (सूचना लोकांपर्यंत कशी पोचेल ते आधीच दाखवणारी जागा) हवी, आणि तिच्यात डोळा, कान आणि होडी या तिघांना काय कळेल ते दिसायला हवं.

"म्हणजे मला रोज माझंच लिहिलेलं ऐकत बसायचं," काकू म्हणाल्या.

"गाव रोज ऐकतंच की," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी नव्या पडद्यावर सूचना भरली, पूर्वझलक कान देऊन ऐकली आणि ती प्रसिद्ध केली. आत्या होडीत बसली. बाबा दोर हातात धरून उभे होते. त्यांनी तो सोडलाही नव्हता आणि स्वतः होडीत पायही ठेवला नव्हता.

आत्याने कानातलं यंत्र काढून वर धरलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"उत्तर धक्का बंद आहे. दक्षिण धक्का चालू आहे," यंत्र म्हणालं. पाठोपाठ होडीचा आवाज आला, "आज दक्षिण धक्क्याकडे जात आहोत." होडीने आपलं तोंड दक्षिणेकडे वळवलं.

बाबांनी दोर सोडला.

"येताना बाजारातून कोथिंबीर आण."

"एकटीने?" आत्याने विचारलं.

"मग काय, कोथिंबिरीच्या जुडीसाठी मी येऊ?"

होडी लांब गेली तशी मनवा आजोबांना म्हणाली, "पुढे कधी माशांशी बोलणारं यंत्र निघालं, तर त्यांनाही आपली सूचना कळेल?"

"अर्थ नोंदवून ठेवलाय," आजोबा म्हणाले. "माशांची भाषा शिकायचं काम तुझं."

लांबून आत्याच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. काकू मात्र घरी जाऊन पुन्हा पूर्वझलक लावून बसल्या होत्या. आपली सूचना कानाला बरी लागते, असं त्यांचं मत झालं होतं.