दहावा ठोका

"आज संध्याकाळी अब्बा जबाबावर सही करणार आहेत," रुखसार दारातच म्हणाली. "माझ्या चुकीनं माणूस मेला, असा."

विमलाबाई गायधनींनी तिला आधी बसवलं. पॉलिटेक्निकमधली शिकवण्याची नोकरी सोडून त्यांनी इंदिरानगरात खाजगी तपासाचं काम सुरू केलं, त्याला २००४ साली सहा वर्षं झाली होती. मदतीला निवृत्त हवालदार दत्तू बोरस्ते. मनाने सोन्यासारखा, डोक्याने अंमळ सावकाश.

निफाडजवळच्या खंडेरावांच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं टिकावीत म्हणून बंद खोलीत गंधकाचा वायू सोडत. पेठकडचा मजूर गोटीराम क्रेट काढायला आत गेला आणि गुदमरून मेला. एक किलो वायू गेल्यावर आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह उघडाच राहिला होता. तो यंत्र चालवणाऱ्या बद्रुद्दीनने, म्हणजे रुखसारच्या अब्बांनी, हाताने उघडा ठेवला, असं पोलिसांचं म्हणणं.

कोठडीत बद्रुद्दीन अगदी शांत होता. विमलाबाईंना तेच खुपलं. दोन वर्षं तो एकच करत आला होता: यंत्र एक किलोवर लावायचं, यंत्राच्या काचेवर १.० आकडा आला की वळायचं आणि क्रेट मोजायला जायचं. अर्ध्या तासाने पंखा लावून दार उघडायचं. त्या दिवशीही तसंच केलं होतं.

"पण मशिन खोटं बोलत नाय, बाई," तो म्हणाला. "माझाच हात कुठं लागला असंल."

खंडेरावांनी आरडाओरडा ऐकून मेन स्विच पाडला होता, त्यामुळे काचेवरचा शेवटचा आकडा कुणीच पाहिला नव्हता. सुटलेला वायू मोजणारा मीटर मात्र अपघाताच्याच सकाळी बदलला होता. जुना मीटर अर्ध्या किलोला एक ठोका देई, नवा शंभर ग्रॅमला; दर ठोक्याला यंत्र तेवढा वायू बेरजेत मिळवी.

यंत्र बनवणारा सुनील विमलाबाईंचाच विद्यार्थी. त्याने त्यांच्यासाठी चहा मागवला, स्वतः घेतला नाही. प्रोग्रॅममध्ये त्याने ०.५ च्या जागी ०.१ केलं होतं, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी पंचांसमोर चाचणीही दिली होती. वायू न सोडता ठोका देणारं एक बटण यंत्रावर होतं. अर्धा किलो लावून त्याने ते पाच वेळा दाबलं आणि व्हॉल्व्ह उघडा असल्याचा दिवा विझला.

"अर्धाच का?" विमलाबाईंनी विचारलं.

"तेवढं पुरे होतं, मॅडम."

बाहेर आल्यावर दत्तूने निकाल दिला. पाच काय नि दहा काय, सारखंच, मशिन निर्दोष. विमलाबाई तोवर इन्स्पेक्टरांना फोन लावत होत्या.

चार वाजता सगळे त्या यंत्रापुढे उभे राहिले. विमलाबाईंनी ते एक किलोवर लावलं आणि दत्तूला बटण दाबायला सांगितलं. तो मोठ्याने मोजत होता. दहाला काचेवर १.० आला. दिवा जळतच राहिला. अकरा दाबले, बारा दाबले, तरी तो विझेना.

"दहावा भाग या यंत्राला नेमका लिहिताच येत नाही," विमलाबाई म्हणाल्या. "एक भागिले तीन आपण ०.३३३ लिहितो, आणि ते तीनदा मिळवलं की ०.९९९ येतं, तसं. अर्धा मात्र त्याला नेमका येतो, म्हणून जुन्या मीटरवर काही बिघडलं नाही. पाच ठोक्यांत चुका योगायोगाने जिरतात आणि बेरीज अचूक अर्धा येते. दहा ठोक्यांनंतर मात्र ती, ०.९९९ च्या उलट, एकाहून केसभर जास्त भरते. काचेवर एकच दशांश दिसतो, म्हणून आपल्याला १.० दिसतं. आणि प्रोग्रॅम म्हणतो, बेरीज तंतोतंत एक झाली तरच व्हॉल्व्ह मिटव. 'एक किंवा जास्त' असं लिहिलं असतं, तर गोटीराम जगला असता."

"चूक कुणाचीही होते," खंडेराव पुटपुटले.

"चुकीसाठी मी आले नाही. इथे रोज एक किलो लागतो आणि बटण दाबायला पैसे पडत नाहीत. तरी सुनील पाचावर थांबला. कारण दहाला काय होतं ते त्याला माहीत होतं."

सुनीलने सगळं कबूल केलं. अपघाताच्या संध्याकाळीच त्याने वर्कशॉपमध्ये दहा वेळा दाबून पाहिलं होतं. मग कोणता आकडा चालतो ते शोधलं होतं. आपला एक विद्यार्थी इतकी नीट चाचणी घेतो ती एका निरपराध माणसाला अडकवायला, याची विमलाबाईंना शरम वाटली.

सहीचा कागद इन्स्पेक्टरांनी फाडला. रुखसारने बापाला सगळं दोनदा समजावून सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं.

"म्हणजे एकनंतर एक पॉइंट एक आला असणार," तो विमलाबाईंना म्हणाला. "मी अजून एक आकडा थांबलो असतो, तर मला दिसलं असतं ना?"

रुखसार त्यांच्याकडे पाहत होती. विमलाबाईंना खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या.

बद्रुद्दीनने मान हलवली. रुखसारने त्याचा हात धरला, तरी तो बराच वेळ बाकावरून उठला नाही.