एका पत्त्यावरची दोन नावं

राळेगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, दोन कॉम्प्युटर होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. ऑफिसात विंडोज, वजनकाट्याच्या खोलीत लिनक्स. काट्यावरची मेल ऑफिसात दिसायची नाही, ऑफिसातले पत्ते काट्यावर सापडायचे नाहीत. २००६ साल होतं. कापसाला कुत्रं विचारत नव्हतं, त्यात एखाद्या व्यापाऱ्याची मेल हुकली की मालक सगळ्यांची सालटी काढायचा. हे निस्तरायलाच त्याने आसिम शेखला ठेवलं होतं. जमलं तर कारकुनाची खुर्ची कायमची आसिमची होणार होती, आणि आसिमला ती हवीच होती.

त्याने डोकं चालवलं. तो ज्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहायचा तो दोन्हीकडे चालत होता. मग मेलही त्यातच का वाचू नये? त्यात बसणारे दोन मेल प्रोग्राम होते. एक अवाढव्य, सेटिंग लावता लावता माणूस म्हातारा व्हावा असा. दुसरा आटोपशीर. त्याने दुसरा निवडला, त्याला ॲड्रेस बुक जोडलं आणि सगळं पेनड्राइव्हवरून इकडून तिकडे नेऊ लागला. काम झकास चाललं.

ॲड्रेस बुकला एक खोड होती. ओळखीच्या पत्त्यावर वेगळं नाव दिसलं की पडद्याच्या तळाशी प्रश्न यायचा: जुनं काढून नवं ठेवू? जिनिंगचा ईमेल होता खुर्चीचा; बसणारा बदलला तरी पत्ता तोच. त्या पत्त्यावर अजून भारत राठोडचं नाव होतं. भारत आधीचा कारकून, जवळच्या तांड्यातला. गेल्या हंगामात भरदुपारी काट्यावरून उठून गेला, तो पुन्हा कोणाला दिसलाच नाही. आसिमने 'हो' दाबलं. त्यात विचार कसला करायचा?

भारतचा बाप भीमसिंग दर बाजाराच्या दिवशी पोराची मेल आली का विचारायला यायचा. या वेळी आसिम वैतागलाच.

"काका, ते नाव काढलं मी. आता माह्यं हाय तिथं."

"काहून काढलं?" म्हाताऱ्याचे डोळे थंड होते. "मंग तो वापस येईन त कोणाच्या नावानं येईन?"

दुसऱ्या दिवशी पहिलीच मेल उघडली आणि तळाशी प्रश्न आला: आसिम शेख काढून भारत राठोड ठेवू?

'नाही.' पुढच्या मेलला पुन्हा तेच. मग प्रत्येक मेलला. आसिमने ॲड्रेस बुक पुसून टाकलं. चिडून तो अवाढव्य प्रोग्राम बसवला, त्याला ॲड्रेस बुक जोडलंच नाही. तरी तळाशी प्रश्न उभा. आता त्याला सरळ भीती वाटू लागली.

त्या दुपारी कापसाच्या गाड्या दारात तटल्या होत्या, मालक शिव्या घालत होता आणि प्रश्न हटल्याशिवाय व्यापाऱ्याची मेल उघडेना.

"ठेव मेल्या, ठेव!" आसिम ओरडला आणि 'हो' दाबलं.

प्रश्न गेला. मेल उघडली. त्याला हायसं वाटलं.

मालक आत आला आणि दारातच थबकला.

"तू? कोणी बसू देल्लं तुले इथं? आसिम कुठं गेला?"

"मालक, मीच आसिम."

"माजला का बे, भारत? तोंड कायले दाखवलं?" मालकाने त्याची कॉलर धरून त्याला फाटकाबाहेर लोटलं. चौकीदार पूनमसिंग त्याच्या पायापाशी थुंकला.

"बापाले रडवून आता आला," तो म्हणाला.

आसिम घराकडे पळत सुटला.

दार अमिनाबीने उघडलं, त्याच्या आईने. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"कोण पाहिजे, बाप्पा?"

ती मराठीत बोलली. घरात ती जन्मभर हिंदीच बोलत आली होती. मराठी फक्त बाहेरच्यांशी.

"अम्मी, मैं..."

आत ताट सरकलं.

"कौन है, अम्मी?" कोणीतरी विचारलं. आवाज आसिमचाच होता.

"कोई नहीं, बेटा. तू खा," ती म्हणाली, आणि आतून कडी लावली.