बाहेरची कडी

चष्मेवाल्याने दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन तो मागच्या खोलीकडे गेला. काम किरकोळ होतं. दाराची बाहेरची कडी काढायची आणि आत काचा घासायचं यंत्र बसवायचं.

सकाळी एक नर्स येऊन गेली होती, तेव्हापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याच्या आजोबांचा इथे कपडे शिवायचा कारखाना होता. मालाची घाई असली की आजोबा बायकांना त्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायचे. एकदा आत आग लागली आणि कडी काढायला कोणी आलंच नाही. त्यात गेलेल्या बायकांतलीच एक नर्सची आजी. ती खोली त्या बायकांच्या नातवंडांच्या, म्हणजे आमच्या नावावर करा, इतकंच नर्सने मागितलं. तिथे त्यांना शिवणवर्ग चालवायचा होता. चष्मेवाला म्हणाला, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, आजोबांच्या पापाचा धनी मला का करता? नर्सने वाद घातला नाही. राहता मात्र त्यांच्याच घरात, एवढं बोलून ती गेली.

ते बोलणं झोंबलं होतं. दुसऱ्यांना लांबचं दिसावं म्हणून काचा घासणारा हा गृहस्थ स्वतः मागे वळून बघायला तयार नव्हता. कडीच राहिली नाही तर कडीची गोष्ट कोण सांगणार, असा त्याचा सरळ विचार. त्याने कडी काढली, कोयंडाही काढला आणि दोन्ही खिशात टाकले. खिसा चांगलाच ओढला गेला. दाराला नुसती भोकं उरली. लेक शाळेतून आली होती, ती रिकाम्या खोलीत खडूने भिंतीवर चित्रं काढत बसली. तो पुढे दुकानात आला.

थोड्या वेळाने कापड करपल्याचा वास आला. इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की येतो तसा. घरात इस्त्री चालू नव्हती. मग मागे दार लागल्याचा आवाज झाला, आणि त्यामागोमाग लोखंड सरकल्याचा.

"बाबा, दार उघडत नाहीये..."

तो धावला. धक्का दिला. दार तसूभर हललं नाही.

"बाहेरून कडी लावलीय तुम्ही..."

"मी नाही लावली गं," तो म्हणाला. सकाळपासून तो हेच तर म्हणत होता. "मी नाही लावली..."

आतून दारावर थापा पडू लागल्या. एवढ्या थापा एका मुलीच्या दोन हातांच्या नव्हत्या.

"कोणी का लावेना, बाबा," लेक रडत म्हणाली. "बाहेर तुम्हीच आहात ना... उघडा."

जिथे भोकं होती तिथे त्याने हात नेला. हाताला कडी लागली, तापलेली. कातडं चरचरलं तरी त्याने ती सोडली नाही, सरकवली. दार उघडलं आणि लेक येऊन त्याला बिलगली. तिच्या केसांना धुराचा वास होता. आत कोणी नव्हतं. भिंतीवर खडूने काढलेलं एक घर आणि दोन फुलं होती.

त्याने खिसा चाचपला. कडी तिथेच होती, थंडगार. तळहातावर मात्र फोड आले होते. उद्या नर्सकडे जाऊ, असं त्याने मनाशी ठरवलं, आणि सवयीने दार ओढून घेऊ लागला.

लेकीने त्याचा हात धरला.

"लावू नका, बाबा. मला आधी जाऊ दिलं त्यांनी... त्या अजून आतच आहेत."