मोहरीएवढं लोखंड

दुनियेच्या पार बुडाशी, बर्फाच्या मुलखात आमी तिघं निघालो होतो ते पाखरांच्या विष्ठेचं पानी आनाले. हासू नका. पयल्यांदा मीबी हासलो होतो.

मी गजेंद्र, परतवाड्याचा जीप मेकॅनिक. डिझेल इंजिनाच्या नादानं जहाजावर लागलो. रबरी बोट हाकनारा शालिकराम, तेल्हाऱ्याचा. आनि जिचं हे काम होतं ते देवश्रीताई, अकोल्याच्या वकिलाची पोरगी. समुद्राच्या पान्यात धातू किती, हे मोजनं तिचं काम.

"ताई, शेतातलं खत समजते मले," म्या म्हनलं. "पन समुद्राले कायचं खत?"

"इथल्या पाण्यात बाकी सगळं आहे, लोखंड नाही," ताई म्हनली. "असलंच तर भरल्या विहिरीत मोहरीचा दाणा टाकावा, एवढंच. पेंग्विन बारके झिंगे खातात, खडकावर हगतात, बर्फ वितळला की ते खाली वाहत येतं. त्यातून लोखंड, तांबं, जस्त पाण्यात सुटतं. किती सुटतं, तेच पाहायचंय. त्या लोखंडावर पाण्यातलं शेवाळ वाढतं, शेवाळावर झिंगे, अन् झिंग्यांवर पुन्हा पेंग्विन."

"म्हन्जे वावर त्यायचं, खतबी त्यायचंच," शालिकराम बोलला. "आपल्यापेक्षा शाने हायेत."

दोन वर्सं ताई या कामामागं होती. खडकावरची वाळलेली विष्ठा गोळा झाली होती, दूरच्या पान्याच्या बाटल्याबी झाल्या होत्या. पाखरांच्या खडकाखालची एक बाकी होती, आनि जहाज त्याच दिवशी परत निघनार होतं. ताईचा नियम एकच: लोखंड जवळ नाही पायजे, नाहीतं माप बिघडते. घड्याळ, चाव्या, पाने, सारं जहाजावर ठेवलं. एक वस्तू तेवढी नाही ठेवली. माह्या मायनं, पार्वताबाईनं, साडेसातीसाठी काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी घातली होती. बोटात रुतून बसलेली. हातमोज्याखाली कोनाले दिसते? अन् मायनं घातलेली काढू काहून?

खडकाजवळ गेलो, इंजिन बंद केलं. वास असा का डोळ्यातून धार लागली. हजारो पाखरं उभी, काळे कोट घालून लग्नाले जमल्यावानी, आनि त्यायच्या पायाखालून गुलाबी-तपकिरी ओघळ समुद्रात उतरून राहिले होते. ताईनं प्लॅस्टिकच्या दांडीले बाटली अडकवली, वाकली, पान्यात धरली.

तेवढ्यात बर्फाची ढेप बोटीले धडकली!

ताई मागं पडली. अर्धी भरलेली बाटली सुटली. मी झेपावलो. बर्फाच्या धारेनं मोजा फाटला. उघड्या हातानं बाटलीचं तोंड पकडलं. अंगठी तोंडावर खट्ट वाजली, आनि बोटांवरून पानी आत गेलं. झाकन लावलं.

"गजेंद्रभाऊ, माझी दोन वर्षं वाचवलीत तुम्ही." ताईचे डोळे भरले होते.

म्या फाटका मोजा बोटावर ओढून घेतला. बोलाले टाइमबी नव्हता. वारं फिरलं होतं. बर्फ चारी बाजूनं सरकून राहिला होता. दोरी ओढली, इंजिन गप्प. पुन्हा ओढली, गप्प. तेलाच्या नळीत पानी गोठलं होतं. नळी काढली, काखेत दाबली. शालिकराम वल्ह्यानं ढेपा रेटत होता. "लेका, अंडे उबवून राहिला का? लाव लवकर!" लावली. ओढली. इंजिन धडधडलं! बैलगाडीएवढी वाट उरली होती, तिच्यातून भायेर पडलो.

खुल्या पान्यात आल्यावर सारं शांत झालं. बाटली ताईच्या मांडीवर होती, पोरगं झोपवल्यावानी. म्या मनात म्हनलं, कोनं पायलं? मग वाटलं, ब्रेक ढिला हाये हे माहीत असून चिखलदऱ्याच्या घाटात कोनाची जीप म्या कधी धाडली नाही. आज धाडू?

मोज्यातून हात काढला, अंगठी दाखवली. "बाटली धरली तवा हेच बोट होतं, ताई."

ताईनं अंगठी पायली, बाटली पायली. मग बाटलीवर पेनानं फुली मारली.

"कोरी बाटली हाये ना अजून?" शालिकराम म्हने. "दहा मिंटं भेटतीन. जाऊन येऊ."

"मी तयार हाओ," म्या म्हनलं. इंजिन वळवलंबी.

ताईनं मागं पायलं. आमी आलो ती वाट आता हातभर उरली होती. पाहता पाहता तेबी मिटली.

"नाही. जहाजाकडे घ्या," ताई म्हनली. "खडकावरची वाळलेली विष्ठा आहे, दूरचं स्वच्छ पाणी आहे. जहाजावर ती त्या पाण्यात घालू, तासातासाला मोजू. समुद्रातलं नाही, बादलीतलं उत्तर मिळेल. अर्धं असेल, पण खरं असेल."

जहाजावर शालिकरामनं कटरनं अंगठी कापली. मी ते समुद्रात फेकाले गेलो, तर ताईनं हात धरला.

"राहू द्या, भाऊ. समुद्राला लोखंड पाखरं देतात. बेतानं देतात."

घरी आलो तं मायनं पयले बोट पायलं. "अंगठी कुठी हाये रे?"

"नट-बोल्टाच्या डब्ब्यात."

"शनी पाहून राहिला, लेका."

"पाहू दे, माय. आता त्याच्यापासून लपवाचं काही नाही."