छताखालची पाहुणी

हे वाचून तुम्ही हसणार. हसा. पण ही डेल्मर होल्मची गोष्ट आहे, आणि डेल्मरला खोटं बोलता येत नाही. पत्त्यांत एक्का आला की त्याचे कान लाल होतात. त्यानं हे मला सांगितलं तेव्हा मी त्याच्या कानांकडेच बघत होतो.

कान पांढरेफटक होते.

ऑक्टोबर संपत आला होता. वायोमिंगमधला लॅरमीकडून रॉलिन्सला जाणारा हमरस्ता. तिथला वारा ज्यानं खाल्लाय त्याला वेगळं सांगायला नको. तिथे झाडंसुद्धा एका कुशीवर झोपल्यासारखी वाढतात.

डेल्मरनं उभा जन्म आमच्या नेब्रास्कात शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्याला तो पिकअपच्या मागे ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, जोडतो, बायकोला शेजारी बसवतो आणि ॲरिझोनाच्या उन्हाकडे निघतो. बायको आर्डिस. तिला थंडी सोसत नाही, आणि डेल्मरचं गाणं सोसत नाही. थंडीपासून तरी सुटका होते, म्हणते.

आता त्या छताबद्दल.

ट्रेलरच्या उजव्या कुशीला, दाराच्या वर, एक कापडी छत गुंडाळलेलं असतं. मुक्कामाला पोचलं की ते बाहेर ओढायचं आणि दोन दांड्यांवर ताणायचं. दारापुढे ओसरी तयार. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं ते छत डेल्मरचा जीव की प्राण. कॉफी तिथे, पत्ते तिथे, गप्पा तिथे.

पण गाडी चालताना तेच छत काळ होतं. गुंडाळीत वारा शिरला, कापड सुटलं, फुगलं, की ट्रेलर आडवा. ट्रेलर आडवा झाला की पिकअपही त्याच्यामागे. डेल्मरनं तसा एक ट्रेलर डोळ्यांनी पाहिला होता, चाकं आभाळाकडे करून पडलेला. तेव्हापासून तो छत बांधायचा म्हणजे किती बांधायचा! आधी खिट्ट्या. मग दांड्यांना पट्टे. वरून दोरी. प्रत्येक गाठीला हात लावून मोठ्यानं बोलायचा, "ही घट्ट. ही घट्ट."

"मला लग्नात एवढं घट्ट बांधलं असतंस," आर्डिस म्हणायची, "तर मी केव्हाच सोडवून घेतलं असतं."

त्या दिवशी सकाळी पाइनच्या झाडीतल्या ट्रेलरांच्या तळावरून निघताना त्यानं हे सगळं केलं होतं.

सगळं.

हे ध्यानात ठेवा.

लॅरमी मागे पडलं. वारा वाढला. पिकअप डावी-उजवीकडे डुलायला लागली.

मागून एक लाल गाडी आली. दिवे मारले. ओलांडताना आतल्या माणसानं काच खाली केली आणि ट्रेलरच्या पलीकडच्या बाजूकडे बोट दाखवून ओरडला. वाऱ्यात शब्द उडून गेले, पण हातांची खूण कळली.

उघडलंय. तुमचं छत उघडलंय!

डेल्मरनं हळूच गाडी कडेला घेतली, दरवाजा दोन्ही हातांनी धरून उतरला आणि वाकून वाकून ट्रेलरच्या उजवीकडे गेला.

छत गुंडाळलेलं होतं.

खिट्ट्या लागलेल्या. पट्टे आवळलेले. दोरी तशीच.

"काय झालं?" आर्डिसनं विचारलं.

"काही नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय त्याचा."

पुन्हा निघाले. दोन टेकड्या ओलांडल्या असतील. एक मोठी बस आली. तीच खूण. उघडलंय!

पुन्हा थांबला. पुन्हा उतरला.

गुंडाळलेलं. घट्ट.

या वेळी त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. वारा एवढा की टोपी खिशात ठेवावी लागली होती. रस्त्याकडेची तारेची कुंपणं शीळ घालत होती. पण छताच्या खाली, दारापुढे, जिथे एरवी खुर्च्या मांडतात तिथे तो उभा राहिला, आणि...

वारा नव्हता.

अजिबात नव्हता. त्याच्या कोटाचं टोक सरळ खाली लोंबत होतं. एक पाऊल बाजूला झाला, की वाऱ्यानं थोबाडीत मारली. पुन्हा आत आला, की शांत.

बंद खोलीत असतं तसं शांत.

आणि ट्रेलर उजवीकडे कलला होता. उजवी चाकं दबली होती. त्या बाजूला कुणी जाडजूड माणूस बसलाय, अशी.

डेल्मर परत आला. गाडी सुरू केली. आर्डिसला काही बोलला नाही. गाणंही म्हटलं नाही.

"बरं नाही का तुला?" आर्डिसनं विचारलं. गाणं थांबलं म्हणून काळजी करायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

पुढे एल्क माउंटनचा पट्टा. तिथे वारा डोंगराच्या दोन खांद्यांमधून सुटतो आणि थेट रस्त्यावर येतो. तिथेच तो उलटा ट्रेलर पडला होता. त्याच्या अलीकडे ट्रक थांबायची जागा आहे. डेल्मर तिथे वळला.

मागोमाग एक अवजड ट्रक आत आला. चालवणारी बाई उडी मारून उतरली. धिप्पाड, डोक्याला रुमाल, आवाज भोंग्यासारखा. नाव ट्विला.

"अहो आजोबा!" ती लांबूनच ओरडली. "डोकं ठिकाणावर आहे का? या वाऱ्यात छत उघडं टाकून निघालात? आणि वर त्या बाईंना बाहेर बसवलंय!"

डेल्मरनं वळून ट्रेलरकडे पाहिलं.

"कुठल्या बाई?" आर्डिस म्हणाली. "बाई मी. मी तर पुढे बसलेय."

"तुम्ही नाही हो. छताखाली खुर्ची टाकून बसलेल्या. राखाडी स्वेटर. मांडीवर हात..." ट्विला बोलता बोलता ट्रेलरच्या पलीकडे गेली.

आणि गप्प झाली.

गुंडाळलेलं छत. पट्टे. दोरी. खुर्ची नाही. कुणी नाही.

"मी इतका वेळ तुमच्या मागेच होते," ती हळू आवाजात म्हणाली. आता आवाज भोंग्यासारखा नव्हता. "नीट पाहिलं मी. एवढा वारा... आणि त्या बाईंचा एक केससुद्धा हलत नव्हता."

आर्डिसनं नवऱ्याकडे पाहिलं.

"डेल्मर. राखाडी स्वेटर ऐकून तुझं तोंड का पडलं?"

मग त्यानं सांगितलं.

काल संध्याकाळी तळावर आर्डिस आंघोळीला गेली होती. डेल्मर छताखाली कॉफी पीत बसला होता. ट्रेलर घेऊन फिरणाऱ्यांची एक रीत आहे. दुसऱ्याच्या छताखाली कुणी आपण होऊन पाय ठेवत नाही. कडेला उभं राहायचं. घरधनी 'या' म्हणाला की आत यायचं. निघताना घरधन्यानं कडेपर्यंत सोडायला यायचं. एवढं साधं.

तर कडेला एक बाई येऊन उभी राहिली. मावळतीचं ऊन तिच्या पाठीमागे, त्यामुळे चेहरा दिसला नाही. राखाडी स्वेटर तेवढा दिसला.

"वारा फार लागतो हो," ती म्हणाली.

"आमच्या छताखाली वारा लागत नाही!" डेल्मर म्हणाला. तो सगळ्यांना असंच म्हणतो. "या, बसा. हवं तितका वेळ बसा."

ती बसली. तो तिच्यासाठी कॉफी आणायला आत गेला. कप घेऊन बाहेर आला, तर खुर्ची रिकामी. गेली असेल, म्हणून त्यानं कॉफी गवतावर ओतली. सकाळी छत गुंडाळलं, बांधलं.

"तू तिला सोडायला गेला नाहीस," आर्डिस म्हणाली.

"ती नव्हतीच तिथे!"

"तुला दिसली नाही. नव्हती, असं नाही." आर्डिसचे ओठ पांढरे पडले होते, पण जीभ शाबूत होती. "मी आंघोळीला गेले की बायका बोलावतोस. बोलावतोस तर बोलाव. पण पाहुणी बसलेली असताना तिच्यासकट मांडव गुंडाळतोस? तुझ्या आईनं काही शिकवलं की नाही?"

तेवढ्यात ट्रेलर करकरला.

तिघांनी पाहिलं. उजवी बाजू आणखी खाली गेली होती.

असा कललेला ट्रेलर घेऊन त्या पट्ट्यात शिरणं म्हणजे मरणच. मागे फिरावं, तर वारा तसाच आणि पाहुणीही तशीच. आणि छत उघडावं, तर ज्या गोष्टीला डेल्मर इतकी वर्षं भीत आला तीच आपल्या हातानं करायची.

"उघडावं लागेल," तो म्हणाला.

ट्विलानं त्याला वेडं म्हटलं नाही. तिनं आपला ट्रक वाऱ्याच्या तोंडाला आडवा लावला. दुसऱ्या एका ट्रकवाल्याला शिव्या घालून उठवलं, त्याचाही लावून घेतला. तरी फटीतून वारा सुऱ्यासारखा येत होता.

"काही झालं तर छत सोडा आणि पळा," ती म्हणाली.

डेल्मरनं दोरी सोडली. पट्टे सोडले. खिट्ट्या काढल्या. छताला हात घालणार, तोच...

ते आपण होऊन बाहेर आलं.

सावकाश. कुणीतरी आतून ढकलावं तसं. ताणलं आणि स्थिर उभं राहिलं. चहूकडे धूळ उडत होती, ट्रकांची कापडं फडफडत होती. छताची झालरसुद्धा हलत नव्हती.

आर्डिसनं खुर्ची आणून मांडली. खुर्ची चेपली. बैठकीचं कापड खाली गेलं, खुर्चीचे पाय कुरकुरले.

डेल्मरनं टोपी खिशातून काढली आणि दोन्ही हातांत धरली. शाळेच्या बसमध्ये झोपलेल्या पोरांना उठवायचा तो आवाज त्यानं काढला. हळू, प्रेमाचा.

"बाई, आमचा रस्ता लांबचा आहे. आम्हाला निघायला हवं. काल तुम्हाला विचारायचं राहिलं, चुकलं माझं. चला, कडेपर्यंत येतो."

काही झालं नाही.

मग खुर्चीचं कापड वर आलं.

डेल्मर चालायला लागला. त्याच्या शेजारी गवत दबत होतं, उठत होतं. त्याला डाव्या हाताला गार लागलं. कुणी आधाराला धरावं तसं. छताच्या कडेपाशी तो थांबला. तिथे, अगदी कानाजवळ...

"फार बरं वाटलं. आता तुम्ही दोघं यायचं हं माझ्याकडे."

आणि कुणीही असतं तर जे म्हणालं असतं, तेच आर्डिस मागून म्हणाली. जन्मभराची सवय. तोंडातून निघून गेलं.

"हो, हो. येऊ की!"

त्याच क्षणी वारा कोसळला.

छत मुळासकट उपटलं. दांडे मोडले. डेल्मर तोंडावर पडला. ट्रेलर डावीकडे झुकला, उजवीकडे आला, उभा राहिला. सरळ. दोन्ही बाजूंची चाकं सारखी.

छत मात्र चुरगळलं नाही. ताणलेलं, पसरलेलं, जणू चार माणसांनी धरलंय, असं ते कुंपणावरून, झुडपांवरून तरंगत गेलं. लांबवर बर्फ अडवायला लाकडी फळ्या रोवल्या आहेत, तिथे अलगद उतरलं.

कुणी आणायला गेलं नाही.

पुढच्या पट्ट्यात ट्रेलर जराही हलला नाही. कुणी दिवे मारले नाहीत. संध्याकाळी ती दोघं सुखरूप मुक्कामाला पोचली. आर्डिस ज्याला भेटते त्याचा पत्ता घेते, नाताळचं कार्ड पाठवायला. तसा ट्विलाचाही घेतला होता, आपला नंबर तिला दिला होता.

इथे संपलं असतं तर मी सांगितलं नसतं.

मार्चमध्ये, ती दोघं घरी परतल्यावर, ट्विलाचा फोन आला. त्या रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकवाल्यांना वाऱ्याच्या दिवशी त्या फळ्यांपाशी एक छत ताणलेलं दिसतं. हिरवे-पांढरे पट्टे. खाली एक बाई बसलेली. हात हलवून रस्त्याकडे बघते.

"मला बोलावत नाही ती," ट्विला म्हणाली. "माझ्या मागच्या गाड्यांकडे बघते. वाट बघते कुणाची तरी... आणि आजोबा, तिच्याजवळ दोन खुर्च्या मांडल्यात. रिकाम्या."

डेल्मरनं त्याच दिवशी पिकअपचा ट्रेलर ओढायचा आकडा काढून नदीत टाकला. या हिवाळ्यात ती दोघं ॲरिझोनाला जाणार नाहीत. विमानानंसुद्धा नाही.

पण आर्डिस बेचैन आहे. वारा सुटला की खिडकीपाशी जाते, परत येते, पुन्हा जाते. "बोलावणं आलं की जायचं असतं, डेल्मर," म्हणते. "मी हो म्हटलंय." मग ओट्यापाशी जाऊन सफरचंदाचा केक करायला घेते. कुणाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?

डेल्मर काय करतो माहीत आहे? तो केक खातो. सगळा. तिथल्या तिथे, एकट्यानं. डॉक्टरनं त्याची साखर बंद केली आहे. तरी खातो. न्यायला काही उरलं नाही की ती त्या दिवसापुरती थांबते.

परवा सकाळी मी त्यांच्या दारावरून गेलो. पान हलत नव्हतं. तरी केक भाजल्याचा वास येत होता. मी आत डोकावलो. ओट्यावर केक होते... एक नाही, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. डेल्मर टेबलाशी बसला होता, हातात काटा.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बस की. जरा मदत कर."

मी कडेलाच उभा राहिलो.

आर्डिस कोट घालत होती.